सायटोकाइन आणि फुप्फुसाचा कर्करोग

रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना आणि भोवतालच्या ऊतींना ज्या छोट्या प्रथिनांमार्फत निरोप देतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन, केमोकाइन, टीएनएफ व टीजीएफ-बीटा ही त्यांतली प्रमुख कुळे. संसर्ग झाला की पांढऱ्या पेशींना बोलावणे, दाह निर्माण करणे आणि काम झाल्यावर तो शमवणे हे त्यांच्याच हाती असते. फुप्फुसात कर्करोगाची गाठ धरली की तिची वाढ आणि फैलावही बऱ्याच अंशी याच निरोपांवर पोसला जातो.

सुरुवात कशी होते, हे इंटरल्यूकिन-१ बीटाच्या अभ्यासातून सर्वांत स्पष्ट झाले आहे. हवेतील २.५ मायक्रोमीटरहून बारीक कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील मॅक्रोफेज या भक्षक पेशी ते गिळतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा सोडतात. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील चार्ल्स स्वँटन यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कर्करोग नसलेल्या फुप्फुस-ऊतीच्या नमुन्यांपैकी १८ टक्क्यांत ईजीएफआर, तर ५३ टक्क्यांत केआरएएस जनुकातील, कर्करोगाला चालना देणारी उत्परिवर्तने (बदल) सापडली. म्हणजे बिघडलेल्या पेशी निरोगी दिसणाऱ्या फुप्फुसातही असतात. दाहाचा निरोप मिळाला की त्या वाढीला लागतात. उंदरांना प्रदूषित कणांबरोबर या सायटोकाइनविरोधी प्रतिपिंड दिले, तेव्हा गाठी कमी झाल्या. भारतात कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही हा कर्करोग होतो आणि ईजीएफआर उत्परिवर्तन युरोपीय रुग्णांपेक्षा येथे अधिक आढळते, त्यामुळे हा शोध आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

माणसांतला पुरावा मात्र हृदयविकाराच्या एका चाचणीतून आला. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांवर कॅनाकिनुमॅब या इंटरल्यूकिन-१ बीटारोधक औषधाची कॅन्टोस ही चाचणी झाली. २०१७ मध्ये निकाल आले, तेव्हा सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांनी कमी दिसले. जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण मात्र वाढले. पुढे हेच औषध कर्करोग झालेल्या रुग्णांना देऊन पाहिले. २०२१-२२ मध्ये त्या मोठ्या चाचण्या अपयशी ठरल्या. याचा सर्वांत पटणारा अर्थ असा की हे सायटोकाइन गाठ रुजताना निर्णायक असते. ती वाढल्यावर तिला इतर आधार मिळालेले असतात.

इंटरल्यूकिन-६ हा त्यांतलाच एक. तो स्टॅट-३ हे प्रथिन जागे ठेवतो आणि एरवी मेल्या असत्या अशा पेशी तगून राहतात. इंटरल्यूकिन-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ओढून आणतो व नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो. टीजीएफ-बीटाचे वागणे वेळेनुसार पालटते: आरंभी तो पेशींचे विभाजन रोखतो, नंतर त्याच्याच प्रभावाखाली गाठीतल्या पेशी परस्परांना धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन गमावतात, सुट्या होतात आणि रक्तात शिरतात. अस्थिमज्जेतून स्रवणारा सीएक्ससीएल-१२ हा केमोकाइन, सीएक्ससीआर-४ हा ग्राही (निरोप पकडणारे प्रथिन) असलेल्या कर्कपेशींना तिकडे खेचतो. हाडे, मेंदू, यकृत व अधिवृक्क ग्रंथी ही या रोगाच्या फैलावाची नेहमीची ठिकाणे.

इंटरफेरॉन-गॅमा टी पेशी या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींना मारक बनवतो, पण त्याच्याच चाहुलीने कर्कपेशी पीडी-एल-१ हे प्रथिन पृष्ठभागावर आणून टी पेशींना थोपवतात. ही अडवणूक दूर करणारी पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब यांसारखी औषधे आज उपचारांत रुळली आहेत. टीजीएफ-बीटा आणि पीडी-एल-१ दोन्ही एकदम रोखणाऱ्या बिंट्राफुस्प अल्फाची चाचणी मात्र २०२१ मध्ये थांबवावी लागली.

या निरोपांचा परिणाम गाठीपुरता राहत नाही. घरचे आग्रह करकरून भरवतात, तरी रुग्णाला घास जात नाही आणि दंड-मांड्यांचे स्नायू झडत जातात. यात रुग्णाच्या इच्छाशक्तीचा दोष नसतो. इंटरल्यूकिन-६ आणि जीडीएफ-१५ या सायटोकाइनांचा त्यात मोठा वाटा असतो; जीडीएफ-१५ मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्राहींवर काम करून भूक मारतो. त्याला रोखणाऱ्या पोन्सेग्रोमॅबने १२ आठवड्यांत अशा रुग्णांचे वजन वाढल्याचे २०२४ मधील चाचणीत दिसले.