पेलेटचा डबा फोडण्याआधी
10 मीटर एअर पिस्तूल वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी पेलेटबद्दल (पिस्तुलातून मारायच्या शिशाच्या छोट्या गोळीबद्दल) माहितीपत्रक

दुकानात रोज एकच प्रश्न येतो: "सगळ्यात चांगली पेलेट कोणती?" आणि दर आठवड्याला काउंटरवर अडचणही एकच येते. डबा फोडलेला, त्यातल्या दहा-पंधरा पेलेट्स मारून झालेल्या, आणि "आमच्या पिस्तुलाला ही चालत नाही, बदलून द्या." 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला 10 मीटर एअर पिस्तुलात आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला रायफलमध्ये पदक मिळालं, तेव्हापासून नवे नेमबाज आणि त्यांचे पालक मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत. प्रत्येकाला काउंटरवर उभ्याउभ्या पाच मिनिटांत सांगून भागत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

"चांगली पेलेट" असं काही वेगळं नसतं. तुमच्या बॅरलला (पिस्तुलाच्या नळीला) जमणारी पेलेट असते. एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांची बॅरलंसुद्धा आतून तंतोतंत सारखी नसतात आणि फरक पडायला मिलिमीटरचा शंभरावा भाग पुरतो. म्हणूनच 4.5 मिमीच्या मॅच पेलेट्स 4.48 पासून 4.52 पर्यंत वेगवेगळ्या हेड साइजमध्ये (डोक्याच्या व्यासात) मिळतात. आरडब्ल्यूएसची आर-10, एच अँड एनची फिनाले मॅच, जेएसबी, चीनची क्यूवायएस या सगळ्या मॅच दर्जाच्याच आहेत. मित्राच्या पिस्तुलातून एखादी पेलेट एकाच भोकातून जाते, तीच तुमच्या पिस्तुलातून पसरते. यात पेलेटचाही दोष नाही आणि पिस्तुलाचाही नाही.

डब्यावरच्या हेड साइजपेक्षा लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाचा क्रमांक, महत्त्वाचा. एकाच कंपनीची, एकाच नावाची 4.50 ची पेलेट दोन लॉटमध्ये वेगळी वागू शकते, कारण साचे झिजतात आणि बदलले जातात. "मागच्या वेळी हीच नेली होती, आता ग्रुप येत नाही" (म्हणजे कागदावर भोकं जवळजवळ पडत नाहीत) अशी तक्रार आली की आम्ही आधी जुना डबा मागतो. बहुतेक वेळा लॉट बदललेला असतो.

वजनाचं थोडक्यात. पिस्तुलासाठीच्या हलक्या पेलेट्स साधारण 0.45 ग्रॅमच्या, म्हणजे 7 ग्रेनच्या. रायफलच्या 0.53 ग्रॅमच्या. हलकी पेलेट बॅरलमधून लवकर सुटते, म्हणून चाप दाबल्यावर हात हलायची सवय अजून गेलेली नाही त्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी. 0.53 ग्रॅमची पिस्तुलात वापरायला हरकत नाही, चांगले नेमबाज वापरतातही. फक्त मार थोडा खाली येतो, साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवावे लागतात. टोकदार किंवा गोल डोक्याच्या पेलेट्स घेऊ नका. सपाट डोक्याची पेलेट कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते, टोकदार पेलेट कागद फाडते आणि गुण मोजताना वाद होतो.

हातात धरून पाच शॉट मारले आणि ठरवलं

सगळ्यांचा वेळ आणि पैसा खाणारी चूक ती हीच. नवा डबा फोडायचा, रेंजवर हातात पिस्तूल धरून पाच शॉट मारायचे, दोन नऊ आणि एक आठ आले की पेलेट वाईट ठरवायची. मग दुसरा डबा, तिसरा डबा. महिना जातो, गुण तिथेच राहतात, आणि नेमबाजाच्या मनात स्वतःच्या पिस्तुलाबद्दलच शंका घर करते. ही शंका सगळ्यात महागात पडते.

हिशेब करून पाहा. 60 शॉटमध्ये 600 पैकी 540 गुण करणाऱ्या नेमबाजाची सरासरी 9 असते. समजा त्याच्या हाताचा पसारा, म्हणजे हात हलल्यामुळे शॉट पसरतात ते अंतर, 40 मिमी आहे. चांगली पेलेट क्लॅम्पमध्ये (पिस्तूल हाताऐवजी घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीत) 6 मिमीचा ग्रुप देते, साधारण पेलेट 9 मिमीचा. हे दोन पसारे सरळ बेरजेने वाढत नाहीत. दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. चांगल्या पेलेटने एकूण पसारा 40.4 मिमी येतो, साधारण पेलेटने 41 मिमी. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक पाच शॉटच्या कागदावर कुणालाच दिसणार नाही. तोच नेमबाज त्याच डब्यातल्या पेलेट्स घेऊन दोनदा पाच-पाच शॉट मारेल, तेव्हा दोन ग्रुपमधला फरक याच्या कितीतरी पट मोठा असेल.

म्हणून स्पष्टच सांगतो: 560 च्या खाली असाल तर महाग पेलेटच्या मागे लागू नका. मधल्या दर्जाची एक पेलेट घ्या, एकाच लॉटचे चार-पाच डबे घ्या आणि उरलेले पैसे कोचिंगला आणि रेंजच्या फीला लावा. आमचं त्यात नुकसान दिसत असेल, पण 570 च्या पुढे गेलेला नेमबाज आमच्याकडे वर्षानुवर्षं येतो.

570 च्या पुढे मात्र चित्र बदलतं. पिस्तुलाच्या टार्गेटवर 10 चं वर्तुळ 11.5 मिमीचं. पेलेटची कड वर्तुळाला लागली तरी 10 मिळतो, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून 8 मिमीपर्यंत चालतो. दशांशात मोजताना प्रत्येक 0.1 साठी 0.8 मिमी. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात. तिथे पेलेटने दीड मिलिमीटर इकडेतिकडे नेलं की 0.2 गेले, आणि बाहेर पडायला तेवढं पुरतं.

टेस्टिंग कसं करावं

पिस्तूल क्लॅम्पमध्येच हवं आणि क्लॅम्प जड टेबलाला किंवा भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेला हवा. पिस्तुलाचं हवेचं सिलिंडर पूर्ण भरून सुरुवात करा, मीटर निम्म्याखाली गेला की थांबून पुन्हा भरा. पेलेट बदलली की पहिले दहा शॉट मोजायचे नाहीत, कारण बॅरलमध्ये आधीच्या पेलेटच्या शिशाचा थर असतो आणि नव्या पेलेटला तो बसवून घ्यायला तेवढे शॉट लागतात. त्यानंतर दहा शॉटचा एक ग्रुप, असे तीन ग्रुप प्रत्येक लॉटचे. पाचचा ग्रुप नेहमी खोटी आशा दाखवतो. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात मोठं अंतर व्हर्नियरने मोजा आणि त्यातून 4.5 वजा करा. तीन ग्रुपची सरासरी घ्या. तिन्हीतला सगळ्यात लहान ग्रुप दाखवून लॉट निवडू नका.

ग्रुपचा आकारही वाचता येतो. दहातला एकच शॉट लांब गेला असेल तर बहुतेक त्या पेलेटचा स्कर्ट (मागची पातळ कड) चेपलेला होता. ग्रुप आडवा पसरला तर आधी क्लॅम्प तपासा, मग बॅरलचे स्क्रू. उभा पसरला तर वेगात चढउतार आहे. पेलेट साधारण 150 मीटर प्रति सेकंद वेगाने निघते आणि 10 मीटरवर दोन-सव्वादोन सेंटिमीटर खाली येते. वेगात 3 मीटरचा फरक पडला तरी मार जेमतेम 1 मिमी हलतो. तेव्हा 5-6 मिमीचा उभा पसारा दिसला तर पेलेटला दोष देऊ नका, रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा ब्रीचची (पेलेट भरायच्या जागेची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, दाखवायला आणा. सगळे लॉट सारखेच वाईट येत असतील तरीही हेच. झिजलेली ओ-रिंग बदलायला फार वेळही लागत नाही आणि फार खर्चही येत नाही; तोवर लोकांनी तीन डबे विकत घेतलेले असतात.

लोडिंगमध्येही चूक होते. पेलेटचं डोकं पुढे ठेवून ती बोटाने बॅरलच्या तोंडाशी सपाट बसेपर्यंत आत दाबा. स्कर्ट बाहेर राहिला तर बोल्ट बंद होताना कड चेपते, आणि चेपलेली कड शेवटपर्यंत तशीच राहते.

टेस्टिंगच्या आधी बॅरल साफ करण्याचा उत्साह नको. साफ केलेलं बॅरल पुन्हा स्थिर व्हायला पंधरा-वीस शॉट खातं. आणि डब्ल्यूडी-40 किंवा शिवणयंत्राचं तेल एअर पिस्तुलात कधीही घालू नका. दाबाखालच्या हवेत पेट्रोलियम तेल पेट घेऊ शकतं.

फोडलेला डबा परत का घेत नाही

शिसं मऊ असतं. डबा बॅगेत खडखडला, एकदा हातातून पडला किंवा पेलेट्स खिशात ओतल्या की स्कर्ट चेपतात, आणि ते डोळ्यांना दिसतंच असं नाही. परत आलेला डबा आम्ही दुसऱ्याला विकला तर त्याची मॅच बिघडेल. म्हणून सील तुटलं की डबा तुमचा. हा नियम कडक वाटतो, पण तुम्हाला मिळणारा प्रत्येक डबा कुणाचा हाताळलेला नाही याची खात्री त्यामुळेच देता येते.

त्याऐवजी आमच्याकडे प्रत्येक उपलब्ध लॉटच्या 50 पेलेट्सचं पाकीट मिळतं. दहा बसवायला, तीस टेस्टिंगला, दहा शिल्लक. शनिवारी सकाळी दुकानामागच्या 10 मीटर लेनवर क्लॅम्प लावून आम्ही तुमच्यासमोर टेस्टिंग करून देतो, कागद तुमच्या हातात देतो, आणि जमलेल्या लॉटचे डबे घेतलेत तर टेस्टिंगचे पैसे बिलातून वजा करतो. तो लॉट तुमच्या नावाने बाजूला ठेवायचीही सोय आहे. माल बाहेरून येतो आणि पुढच्या खेपेत तोच लॉट मिळेल असं कुणीच सांगू शकत नाही. दिवसाला शंभर शॉट आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर 500 चा डबा आठवड्यात संपतो. तेव्हा सरावाला साधी पेलेट वापरा आणि जमलेल्या लॉटचे चार-पाच डबे फक्त स्पर्धेसाठी आणि तिच्या आधीच्या आठवड्यासाठी राखा.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या ग्राहकांसाठी: पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पेलेटवर पांढरी भुकटी धरते. अशी पेलेट मारू नका, पुसूही नका. झाकण घट्ट लावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. पालकांनो, मुलांना पेलेट तोंडात धरू देऊ नका, रेंजवर जेवणाचा डबा खाऊ देऊ नका, आणि सराव संपला की साबण आणि थंड पाण्याने हात धुवायला लावा. शिसं अंगात साठत जातं.

शनिवारी येताना पिस्तूल, भरलेलं सिलिंडर आणि सध्या वापरता तो पेलेटचा डबा लॉट नंबरच्या स्टिकरसकट आणा. सिलिंडरवरची तारीख घरीच पाहून घ्या. दहा वर्षं उलटलेलं सिलिंडर आम्ही भरत नाही, आणि स्पर्धेच्या तपासणीतही ते अडवलं जाऊ शकतं.