नवीन जोडी घेताना: कानाच्या मशीनच्या कंपन्यांची तुलना कशी करावी

जुनं मशीन पाच-सहा वर्षं वापरून झालं की नवीन जोडीचा विचार सुरू होतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फोनाक चांगलं की सिग्निया? की ओटिकॉन घ्यावं?" आमच्या श्रवण केंद्राचं हे माहितीपत्रक त्या प्रश्नासाठी आहे. मशीन कसं घालायचं, सेल कसा बदलायचा हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे ते इथे पुन्हा सांगत नाही.

एका कानात एक कंपनी, दुसऱ्या कानात दुसरी: असं करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून हे आधी. "उजव्या कानात हे लावा, डाव्यात ते लावा, कुठलं स्वच्छ वाटतं ते लगेच सांगतो," असं बरेच जण म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण अशा तुलनेतून निघालेलं उत्तर जवळजवळ नेहमी चुकीचं असतं.

पहिलं कारण कानांचं. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, दोन्ही रेषा शेजारी-शेजारी दिसल्या तरी शब्द ओळखण्याची क्षमता दोन्ही कानांची सारखी असेलच असं नाही. उजवा कान शंभरातले ८४ शब्द ओळखत असेल आणि डावा ६८, तर उजव्या कानात कुठलंही मशीन घाला, तेच जिंकणार.

दुसरं कारण मशीनचं. आजच्या जोडीतली दोन्ही मशीनं एकमेकांशी बिनतारी संपर्कात असतात. माइकची दिशा, गोंगाट कमी करणं, आवाजाची पातळी हे सगळं दोघं मिळून ठरवतात. वेगळ्या कंपन्यांची मशीनं आपसात बोलत नाहीत. म्हणजे अर्धी बंद असलेली दोन मशीनं तुम्ही तपासता.

तिसरं कारण उशिराचं. बाहेरचा आवाज घेऊन, त्यावर प्रक्रिया करून तो कानात सोडायला प्रत्येक मशीनला काही मिलिसेकंद लागतात. बऱ्याच मशीनमध्ये हा उशीर पाच ते आठ मिलिसेकंदांचा असतो, तर वाइडेक्स कंपनीच्या प्युअरसाउंड प्रोग्रॅममध्ये अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू एका मिलिसेकंदाहूनही कमी फरकावरून ओळखतो. दोन कानांत दोन वेगळे उशीर असले की बोलणं एका बाजूला ओढल्यासारखं किंवा पोकळ वाटतं. दोष मशीनचा नसतो, जोडीचा असतो.

म्हणून जोडी नेहमी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. एकच मशीन हरवलं किंवा बिघडलं असेल आणि जुनं मॉडेल आता मिळत नसेल, तर नवीन घेण्याआधी विचारा. मधला मार्ग कधी निघतो, कधी नाही.

"हे जास्त स्पष्ट आहे" म्हणजे बहुतेक वेळा "हे जास्त मोठं आहे"

दोन मशीनांत तीन डेसिबलचा फरक असला तरी मोठ्या आवाजाचं मशीन चांगलं वाटतं. आणि डब्यातून काढून नुसतं कॉम्प्युटरला जोडलेलं मशीन कंपनीच्या स्वतःच्या सूत्रावर चालतं. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी त्रास होऊ नये म्हणून हे सूत्र बहुधा आवाज हातचा राखून देतं, आणि किती राखायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. अशी दोन मशीनं पाच मिनिटं घालून पाहिलीत तर तुम्ही मशीनांची नव्हे, दोन सूत्रांची तुलना केलीत.

यावर उपाय एकच, प्रत्यक्ष कानातलं माप. त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. केसासारखी बारीक सिलिकॉनची नळी कानात पडद्यापासून साधारण पाच मिलिमीटरवर ठेवायची, वर मशीन घालायचं आणि समोरच्या स्पीकरवरून हळू, नेहमीचं आणि मोठं असं तीन पातळ्यांवर बोलणं वाजवायचं, म्हणजे ५५, ६५ आणि ८० डेसिबल. पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचला ते स्क्रीनवर दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकॉस्टिक लॅबोरेटरीजचं नॅल-एनएल२ हे सूत्र तुमच्या ऑडिओग्रामवरून लक्ष्यरेषा काढून देतं. महत्त्वाच्या फ्रिक्वेन्सींना त्या रेषेच्या पाच डेसिबल आत येईपर्यंत आम्ही सेटिंग करतो. दोन्ही कंपन्यांची मशीनं याच रेषेवर आणली की मग जो फरक उरतो, तो कंपनीचा.

याला दोन्ही कानांचे मिळून वीस मिनिटं जास्त लागतात आणि कानात मळ असेल तर माप घेताच येत नाही. आमच्याकडे "बाकीच्यांपेक्षा वेळ जास्त लागतो" ही तक्रार येते, ती या वीस मिनिटांमुळे. ती आम्ही सोडत नाही.

डोमचं, म्हणजे कानात बसणाऱ्या मऊ टोकाचंही तेच. एका मशीनला भोकांचा उघडा डोम आणि दुसऱ्याला बंद डोम लावला तर उघड्यातून खर्ज बाहेर निसटतो आणि ते मशीन "पातळ" वाटतं. ट्रायलमध्ये दोन्हीकडे डोम एकाच प्रकारचा हवा, किंवा दोन्हीकडे मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा हवा.

जुन्या आवाजाची सवय

जुनं, जोरकस मशीन बरीच वर्षं वापरलेल्या माणसाला नवीन मशीन मऊ वाटतं. नवीन मशीन हळू आवाज जास्त उचलतं आणि मोठा आवाज दाबतं. जुनं सगळंच सरसकट मोठं करायचं. त्याच वेळी कागदाची सळसळ, चपलांचा आवाज, ताट-वाट्यांचा खणखणाट टोचतो, कारण उंच पट्टीचे हे आवाज जुन्या मशीनमध्ये येतच नव्हते. मेंदूला हे पुन्हा ओळखीचं व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात.

दुसऱ्याच दिवशी येऊन "टोचणारा आवाज कमी करा" म्हणू नका. ती उंच पट्टी कमी केली की स, श, फ, ख हे वर्णही जातात, आणि तुम्ही नवीन मशीन घेताय ते यांच्यासाठीच. फारच त्रास होत असेल तर आम्ही आवाज थोडा खाली घेऊन तो टप्प्याटप्प्याने वर नेतो.

तुलना करायची पद्धत

एका वेळी एकच कंपनी, दोन्ही कानांत, सात ते दहा दिवस. दिवसभर. मधे जुनं मशीन घालू नका, नाहीतर सवयीचा काटा पुन्हा शून्यावर येतो. मग दुसरी कंपनी तितकेच दिवस. दोनपेक्षा जास्त कंपन्या घेऊ नका. तिसरी येईपर्यंत पहिलीचा आवाज लक्षात राहत नाही.

घरी एक साधी चाचणी करा. घरातल्या कुणीतरी तुमच्या मागे सहा फुटांवर उभं राहून नेहमीच्या आवाजात वीस शब्द म्हणावेत: सात, हात, खात, पाठ, ताट, पाट, साप, ताप, माप, शाल, फळ, खळ असे, एकमेकांशी गोंधळ होईल असे. तुम्ही ऐकलेला शब्द मोठ्याने म्हणा. किती बरोबर आले ते लिहा. आधी शांततेत, मग टीव्हीवर बातम्या लावून. दुसऱ्या कंपनीच्या वेळी तीच खोली, तोच माणूस, पण शब्दांचा क्रम बदललेला. हिला वैद्यकीय चाचणीचा दर्जा नाही, पण "बरं वाटतं" यापेक्षा हिचा उपयोग फार जास्त.

मशीन घालून लग्नकार्याला, भाजी मंडईत, कीर्तनाला जाऊन या. स्कूटर चालवत असाल तर हेल्मेट घालून बघा: शिट्टी वाजते का, हेल्मेट काढताना मशीन निघून येतं का. चष्मा आणि मास्क एकत्र लावूनही बघा.

आणि नोंद ठेवा. "आवाज बरोबर नाही" यावरून सेटिंग बदलता येत नाही. "मिक्सर चालू असताना सूनबाईंचं बोलणं कळत नाही, पण नुसता पंखा असताना कळतं" यावरून येतं.

मग कंपन्यांत फरक काय?

आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. जगातली बहुतेक मशीनं पाच घराण्यांतून येतात. स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाकडे फोनाक आणि युनिट्रॉन. डेन्मार्कच्या डिमांटकडे ओटिकॉन आणि बर्नाफोन. वाइडेक्स आणि पूर्वीची सीमेन्स, म्हणजे आजची सिग्निया, २०१९ मध्ये डब्ल्यूएस ऑडिओलॉजी या एकाच छत्राखाली आल्या. डेन्मार्कच्याच जीएनचं रिसाउंड, आणि अमेरिकेची स्टार्की.

फोनवर खूप बोलत असाल तर हा मुद्दा सगळ्यात आधी बघा. फोनाकची २०१८ च्या मार्व्हलपासूनची ब्लूटूथ मशीनं साध्या ब्लूटूथवर जोडली जातात, म्हणजे ब्लूटूथ असलेल्या कीपॅडच्या फोनलाही. बाकी कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलना आयफोन किंवा ठरावीक अँड्रॉइड फोन लागतो. तुमचा फोन घेऊन या, जोडूनच दाखवतो.

गाणं ऐकणाऱ्यांना आणि गाणाऱ्यांना आम्ही वाइडेक्स जरूर ऐकवतो, कारण कमी उशिरामुळे स्वतःचा आवाज आणि तंबोऱ्याचा सूर कमी विस्कटतो. पण हे ऐकण्याचं नुकसान सौम्य ते मध्यम असेल आणि कान उघडा ठेवता येत असेल तेव्हाच. ओटिकॉन आजूबाजूचे आवाज खुले ठेवण्याकडे झुकतं, फोनाक समोरच्या माणसावर नेम धरतं. कुणाला पहिलं आवडतं, कुणाला दुसरं. सिग्नियाची २०२१ पासूनची बरीच मशीनं बोलणं आणि मागचा गोंगाट यांवर वेगवेगळी प्रक्रिया करतात. कानाच्या आत बसणाऱ्या, मापाने बनवलेल्या मशीनमध्ये स्टार्कीचा हात चांगला आहे.

कंपनीपेक्षा मोठा फरक तिच्यातल्या श्रेणीचा पडतो. फोनाकमध्ये ९०, ७०, ५०, ३०. ओटिकॉनमध्ये १, २, ३ आणि इथे १ सर्वांत वरचं. वाइडेक्समध्ये ४४० ते ११०. पुष्कळदा आतली चिप एकच असते आणि खालच्या श्रेणीत काही सोयी बंद ठेवलेल्या असतात. त्यामुळे एका कंपनीचं ९० आणि दुसरीचं खालच्या श्रेणीचं मशीन शेजारी ठेवून कंपनीबद्दल मत बनवू नका. दिवसभर घरात दोन-तीन माणसांत असणाऱ्याला सर्वांत वरची श्रेणी आम्ही सुचवत नाही. मीटिंग, वर्ग, दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्याला तिचा फरक कळतो. आणि मशीन नीट बसवूनही निम्मे शब्दच ओळखता येत असतील, तर श्रेणी वाढवून पैसे घालवण्याऐवजी समोरच्याच्या शर्टाला लावायचा वायरलेस माइक घ्या, आणि कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राबद्दल, कानाच्या डॉक्टरांशी बोला.

पुढच्या पाच वर्षांचा खर्च

१०, ३१२, १३, ६७५ हे सेल कुठल्याही कंपनीच्या मशीनला चालतात. रिसिव्हर (मशीनचा छोटा स्पीकर), मळाची जाळी आणि चार्जर मात्र ज्या-त्या कंपनीचेच लागतात. जुन्या मशीनचे उरलेले सुटे भाग नव्या कंपनीला उपयोगी पडतील असं धरून चालू नका. चार्जिंगच्या मशीनला पूर्ण चार्जसाठी तीन-चार तास लागतात. वीज वारंवार जात असेल तर पॉवर बँकवर चालणारा चार्जर मागा. कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात मशीन रोज रात्री कोरडं ठेवण्याची सोय खरेदीच्या वेळीच करावी, कारण रिसिव्हर दमटपणाने लवकर जातात.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: हे मशीन दुसऱ्या कुठल्याही केंद्रात प्रोग्रॅम होईल का? काही दुकानसाखळ्यांची मशीनं फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरवर उघडतात. गाव बदललं की अडचण. आम्ही देतो ती मशीनं कंपनीच्या कुठल्याही अधिकृत केंद्रात उघडतात.

फोनवर भाव का सांगत नाही, अनामत का घेतो

एका कानाचं मशीन काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातं, आणि तुमच्या कानाला कुठलं चालेल हे ऑडिओग्राम पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर भाव सांगितला की तुम्ही तो दुसऱ्याच श्रेणीच्या भावाशी ताडून बघता. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. बिलात लावलेला दिसला तर विचारा. आमच्या किमतीत कानातलं माप, ट्रायल आणि नंतरची सेटिंग धरलेली असतात. ऑनलाइन स्वस्त मिळालेलं मशीनही आम्ही बसवून देतो, त्याचं शुल्क वेगळं.

ट्रायलची अनामत मशीन परत आल्यावर पूर्ण मिळते. मोल्डचे पैसे परत होत नाहीत, कारण तो तुमच्याच कानाच्या मापाचा असतो. आणि ऑडिओलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक आमच्याकडेच नव्हे, कुठेही गेलात तरी विचारा.

येताना

जुनी जोडी चालू स्थितीत आणा, बंद असेल तरी आणा. पुष्कळदा जाळीत अडकलेला मळ काढल्यावर आणि नवीन ऑडिओग्रामवर सेटिंग केल्यावर तीच आणखी एक-दोन वर्षं चालते, आणि तसं असेल तर आम्ही तसंच सांगतो. जुने ऑडिओग्राम असतील तेवढे, मोबाइल, आणि ज्यांचं बोलणं तुम्हाला सगळ्यात कमी कळतं ती घरची व्यक्ती सोबत हवी. मळ असेल तर आधी काढून घ्या. सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) यांतून पैसे परत मिळवायचे असतील तर खरेदीआधीच परवानगीचे कागद विचारा; बिल झाल्यावर ते जुळवणं अवघड जातं.

कान वाहत असेल, दुखत असेल, चक्कर येत असेल, किंवा एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर आमच्याकडे नको, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं ते परत येण्याची शक्यता जास्त. मशीनचं नंतर बघता येईल.