पाण्याचा कूलर कुठला, हवेचा कुठला?

अकोल्याच्या मावसभावाचा मे महिन्यात फोन आला. "दादा, पान्याचा कूलर घेतो म्हन्तो मी. उन्हाळ्यात गेम लय अडकते." मला वाटलं, खिडकीला लावायचा, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर म्हणतोय. तो बोलत होता गेमिंग पीसीबद्दल. पण त्याच्याही डोक्यात चित्र त्या खिडकीतल्या कूलरचंच होतं: पाणी आहे, म्हणजे गारवा आहे.

खिडकीतला कूलर ताट्यांवरच्या पाण्याची वाफ करतो. वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतून जाते, म्हणून विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात आत येणारी हवा बाहेरच्यापेक्षा खरोखर थंड असते. पीसीच्या पाण्याच्या, म्हणजे लिक्विड कूलरमध्ये हवेत वाफ सोडणं नाही. बंद नळ्यांतून पंपाच्या जोरावर द्रव फिरतो, प्रोसेसरवर बसलेल्या तांब्याच्या तळाकडून उष्णता उचलतो आणि रेडिएटरकडे, म्हणजे पातळ पत्र्यांच्या जाळीकडे नेतो. तिथले पंखे ती उष्णता खोलीच्या हवेत सोडतात. खोलीत ४० अंश असतील, तर कितीही महाग लिक्विड कूलर प्रोसेसरला ४० च्या खाली नेणार नाही. हवेचा कूलरही नाही.

आणि ज्याला आपण हवेचा कूलर म्हणतो, त्याच्यातही बहुधा पाणीच असतं! प्रोसेसरवर उभ्या असलेल्या अशा टॉवर कूलरच्या तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, पोकळ असतात. आत कमी दाबाखाली थोडंसं पाणी कोंडलेलं असतं. खालच्या टोकाला त्याची वाफ होते, वर पत्र्यांपाशी ती थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली परततं. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. पंखा तेवढा फिरतो. तो बिघडला तर नवा लावून मोकळं व्हायचं.

तेव्हा खरा फरक पाणी असण्या-नसण्याचा नाही, उष्णता कुठे सोडली जाते याचा आहे. टॉवर कूलर ती कॅबिनेटच्या आतच, प्रोसेसरच्या डोक्यावर सोडतो. तिला बाहेर काढणं कॅबिनेटच्या पंख्यांचं काम. लिक्विड कूलर ती कॅबिनेटच्या कडेपर्यंत नेतो, आणि तिथे २४० किंवा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर मावतो. एवढं क्षेत्रफळ मोठ्या वॉटेजला उपयोगी पडतं. इंटेलचा कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर जोर लावला की अधिकृत मर्यादेप्रमाणे २५३ वॉटपर्यंत जातो; तासन् तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने तिथे ३६० चा रेडिएटर घेतला, तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

आमच्या मावसभावाचं प्रकरण वेगळं. त्याच्याकडे २०१९ चा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, सोबत आलेल्या छोट्या कूलरसकट. त्याच मदरबोर्डावर त्याला सेकंडहँड रायझन ७ ५८००एक्स३डी बसवायचा होता. कागदावर हा १०५ वॉटचा, कमाल १४२. पण गेम खेळताना तिथवर सहसा पोचत नाही. तरी तो तापतो, आणि त्याचं कारण कूलरमध्ये नाही. रायझन बनवणाऱ्या एएमडीने याच्यात जादा कॅशचा, म्हणजे आतल्या वेगवान मेमरीचा थर मूळ चिपच्या वर रचला आहे, त्यामुळे खरं काम करणाऱ्या कोअरची उष्णता बाहेर यायला आतच अडखळते. अडथळा चिपच्या पोटात असताना बाहेर केवढाही रेडिएटर टांगा, फार हाती लागत नाही. (पुढे ९८००एक्स३डीमध्ये कंपनीने हा थर खाली नेला.) ५८००एक्स३डीची मर्यादा ९० अंशांची आहे. गेममध्ये ७५-८० दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

म्हणून मी त्याला सहा हीट पाइपचा टॉवर कूलर सुचवला. तो घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते बघावं, कारण असे कूलर १५५-१६५ मिलिमीटर उंच असतात आणि कॅबिनेटची बाजूची काच लागेनाशी होते. लिक्विड घेतलाच, तर रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच ठेवायचा. नाहीतर आतली हवा पंपात जमून गुरगुर सुरू होते. शिवाय पंपाचं वय ठरलेलं, आणि नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षं थोडा थोडा उडत राहतो. तो भरून काढायची सोय बहुतेक मॉडेलांत नसते.

जुना कूलर काढतानाची एक धास्ती सांगून ठेवतो. त्याच्या बोर्डाच्या एएम४ या जातीत प्रोसेसरच्या पिना खालून असतात आणि प्रोसेसर-कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली की ती त्याला कूलरसोबत उपटून आणते. पिना वाकल्या की पंचाईत. आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग मशीन बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवावा. सरळ वर ओढू नये.

एवढं झाल्यावर मी विचारलं, गेम अडकतो तेव्हा तापमान किती असतं? त्याने बघितलंच नव्हतं. बघितलं तर प्रोसेसर ७८ वर निवांत. ग्राफिक्स कार्ड मात्र भाजत होतं. ते १७० वॉटचं, म्हणजे पेटीतली सर्वात मोठी शेगडी तीच, आणि पुढची जाळी धुळीने बुजलेली. ती साफ केल्यावर अडकणं बरंच कमी झालं.

मग त्याने हळूच विचारलं, "आन् खिडकीतला कूलर लावला तं?" लाव की! खोली ४० वरून ३२ वर आली, तर पीसीतला प्रत्येक आकडा जवळपास आठ अंशांनी खाली येईल. झोत तेवढा थेट कॅबिनेटवर नको, थेंब उडतात.