पाऊण तिकीट माफ, पण पायरी कशी चढायची? एसटीची सवलत आणि गाडीत चढायची सोय यातला फरक

सोलापुरात कुणालाही विचारा की व्हीलचेअरवरच्या माणसाला एसटीनं पुण्याला जायचं असेल तर काय सोय आहे, हमखास उत्तर येतं, "कार्ड काढलंय न्हवं? मग पाऊण तिकीट माफ हाय की ओ." माहिती बरोबर आहे पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरच नाही. तिकिटात सूट मिळणं ही एक गोष्ट आणि गाडीत चढता येणं ही दुसरी, आणि या दोन्ही आपण एकाच पिशवीत टाकतो, घरचे लोक टाकतात, ऑफिसातले साहेब टाकतात, कधी कधी आपण स्वतःसुद्धा अर्ज लिहिताना टाकतो आणि मग त्या अर्जाला "आपणास सवलत लागू आहे" असं उत्तर येतं.

आधी सवलतीचं बघू, कारण ते सोपं आहे. दिव्यांग प्रवाशाला एसटीच्या साध्या गाडीत ७५ टक्के सूट मिळते. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के. म्हणजे समजा तिकीट ४०० रुपये असेल तर तुमचे १०० आणि सोबत्याचे २००. त्यासाठी लागतं ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ज्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणीला सिव्हिलला जायचं. कार्डावर रंगाची पट्टी असते, ४० टक्क्यांच्या खाली पांढरी, ४० ते ८० पिवळी आणि त्याच्या वर निळी. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, त्यामुळं आई किंवा बायको सोबत येत असेल तर सोबत्याच्या सवलतीनं वेगळं काही वाचत नाही, ती उपयोगी पडते ती भाऊ, वडील, मित्र सोबत असला तर. आणि विजयपूर, कलबुर्गीकडं जाणाऱ्या कर्नाटकच्या गाड्या आपल्या स्टँडवर येतात त्यात महाराष्ट्र एसटीची सवलत चालत नाही, ते महामंडळच वेगळं.

ही सवलत चांगली आहे आणि ती टिकलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती मिळते कुणाला ते बघा. जो पायऱ्या चढून सीटवर जाऊन बसतो त्याला. काठी घेऊन चालणारा, एका हाताचा प्रॉब्लेम असलेला, कमी दिसणारा, यांना तिचा रोजच्या रोज फायदा होतो. ज्याच्या कार्डावर निळी पट्टी आहे, कमरेखाली हालचालच नाही, त्याला कागदावर सगळ्यात जास्त हक्क आणि प्रत्यक्षात तो पुण्याला तपासणीला जायचं तर हजारो रुपये मोजून अर्टिगा किंवा इको ठरवून जातो. चढताच आलं नाही तर ७५ टक्के सूट म्हणजे शून्य रुपये, आणि मला वाटतं हाच या सगळ्या घोळाचा सगळ्यात वाईट परिणाम आहे, कारण सवलत दिली की काम झालं असं सगळ्यांना मनापासून वाटतं.

आता चढण्याचं. स्टँडवर आपल्याकडं गाडी नाक पुढं करून फलाटाला लागते आणि दार डाव्या अंगाला, त्यामुळं फलाटावरून सरळ गाडीत जाताच येत नाही, फलाटाच्या कडेवरून खाली उतरायचं आणि दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत शिरायचं, तिथं ऑइल सांडलेलं, खड्डा असेल तर पाणी साचलेलं. व्हीलचेअर तिथंच अडकते. मग एक जण काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्याखाली, आणि पहिली पायरीच इतकी उंच असते की खालच्याला आधी स्वतः वर चढावं लागतं, दार अरुंद, मधे दांडा, मागनं लोक "ओ मालक, चला की लवकर" म्हणतायत, आणि ज्याला उचललंय त्याचा शर्ट वर गेलेला असतो, चप्पल खाली पडलेली असते आणि तो सगळ्यांना "चालतंय चालतंय" म्हणत असतो. बाईमाणूस असेल तर अनोळखी माणसानं उचलायचं हेच मुळात नको वाटतं आणि मग जाणंच रद्द होतं. व्हीलचेअर घडी करून डिकीत किंवा ड्रायव्हरच्या मागं कुठंतरी. यात कंडक्टरची किंवा लोकांची चूक नाही, बहुतेक वेळा लोक मदतीला धावूनच येतात, पण उचलून नेणं ही मदत झाली, सोय नव्हे.

इथं आणखी एक गोंधळ होतो. लोक म्हणतात पुण्या-मुंबईत लो-फ्लोअर गाड्या आल्या, मग सोलापूर-पुणे लाईनला पण लो-फ्लोअरच द्या. शहर बससाठी केंद्राच्या मापात जमिनीपासून फरशीच्या तीन उंच्या आहेत, ४०० मिलीमीटर म्हणजे लो-फ्लोअर, ६५० म्हणजे सेमी लो आणि ९०० ची उंच. ४०० वाली गाडी शहरात भारी, रॅम्प उघडला की चेअर आत. पण लांब पल्ल्याच्या गाडीत माणसं वर बसतात आणि खाली डिकीत सामान असतं, त्यात बोरघाटासारखे रस्ते, गावातले स्पीडब्रेकर, म्हणून फरशी इतकी खाली आणणं अवघड. जगात लांब पल्ल्याला बहुतेक ठिकाणी उपाय केलाय तो लिफ्टचा, गाडीच्या अंगाला एक दार, तिथनं फळी खाली येते, चेअर तिच्यावर घ्यायची, वर गेली की आत एकदोन सीट सरकवून जागा करायची आणि चाकं पट्ट्यांनी लॉक करायची. अमेरिकेत १९९८ च्या नियमानं लांब पल्ल्याच्या बस कंपन्यांना हे करावं लागलं, प्रवाशानं ४८ तास आधी सांगितलं तर लिफ्टची गाडी देणं तिथं बंधनकारक ठरलं. म्हणून मागायचं असेल तर आपण लो-फ्लोअर मागून उपयोग नाही, लिफ्ट मागायला पाहिजे, नाहीतर "या रस्त्याला ते जमत नाही" हे उत्तर तयारच असतं आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असतं.

आपल्याकडं कायदा नाही असं पण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४१ वं कलम बसस्टँडवरची पार्किंगची जागा, संडास-बाथरूम, तिकीट खिडकी आणि सगळ्या वाहनांपर्यंत पोचण्याची व्यवस्था याबद्दल बोलतं, फक्त जुन्या गाड्या बदलण्याच्या बाबतीत "तांत्रिकदृष्ट्या शक्य" आणि "परवडण्याजोगं" अशा अटी त्यात घातल्यात, आणि सगळी पळवाट तिथनंच निघते. पुढं डिसेंबर २०१९ मध्ये मोटार वाहन नियमात बदल झाला, १ मार्च २०२० पासून लागू, त्यात बसमध्ये प्राधान्याच्या सीट, खुणा, काठी-कुबड्या-वॉकर ठेवायची आणि बांधायची व्यवस्था, सीटजवळ धरायला दांडे, आणि व्हीलचेअर आत घेऊन ठेवायची, लॉक करायची व्यवस्था असं सगळं आलं. खिडकीच्या वर "दिव्यांगांसाठी राखीव" लिहिलेली सीट म्हणजे यातला एक तुकडा फक्त. ती सीट मिळाली तरी तिच्यापर्यंत जायचं कसं हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

आणि चढणं म्हणजे फक्त दार नाही. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, पाच तास कुठं गेले नाहीत, मधे टेंभुर्णी-इंदापूरच्या पट्ट्यात हॉटेलला गाडी थांबते तेव्हा सगळे उतरतात आणि हा माणूस सीटवरच बसून राहतो. त्याची तयारी आदल्या रात्रीपासूनच सुरू असते, पाणी कमी प्यायचं, सकाळचा चहा टाळायचा, कारण उतरलं तरी तिथल्या संडासाला दोन पायऱ्या आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. मणक्याला मार लागलेल्या माणसाला असं पाणी तोडणं म्हणजे लघवीच्या इन्फेक्शनला आमंत्रण, हे डॉक्टर सांगून सांगून दमतात. न दिसणाऱ्याला पायरी अडवत नाही पण गाडीची पाटी त्याला वाचता येत नाही, ज्याला ऐकू येत नाही त्याला फलाट बदलल्याची अनाउन्समेंट कळत नाही, हे पण सोयीतच येतं, सवलतीत नाही.

खाजगी ट्रॅव्हल्सचं थोडक्यात, तिथं एसटीची सवलत लागूच नाही आणि स्लीपरला खालचा बर्थ मिळाला तरी तिथवर जायचा पॅसेज एका माणसापुरता, त्यामुळं दोघांनी मिळून उचलून नेणं एसटीपेक्षाही अवघड.

मग विचारायचं कुठं. सवलत नाकारली तर कंडक्टरशी वाद घालत बसू नका, तिकीट जपून ठेवा आणि डेपो मॅनेजरकडं लेखी द्या, हा विषय डेपोत मिटतो. सोयीचं तसं नाही. फलाटाच्या कडेला उतार, व्हीलचेअर, कुलूप न लावलेला संडास, हे स्टँडच्या पातळीवर होण्यासारखं आहे, ते विभाग नियंत्रकांकडं मागा. पण गाडीच्या पायऱ्या आणि दार सोलापुरात ठरत नाही, एसटीच्या बॉडी दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरच्या हिंगणा कार्यशाळेत बांधल्या जातात, बाकीच्या तयार विकत किंवा भाड्यानं येतात, म्हणजे ती मागणी मुंबईच्या मुख्यालयाकडंच गेली पाहिजे. दोन्ही एका अर्जात घालू नका, सवलतीचा शब्द सोयीच्या अर्जात येऊच देऊ नका, आणि "योग्य ती सोय करावी" असं मोघम न लिहिता अमुक फलाट, अमुक गाडी, अमुक वेळ, लिफ्ट नसेल तर निदान अरुंद दारातून जाईल अशी चढवायची खुर्ची, असं नाव घेऊन लिहा. उत्तर नाही आलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं जाता येतं, तिथं पहिल्या अर्जाची पोच विचारतात, म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.