निदानविचाराचे दूरस्थ प्रशिक्षण

रुग्णाची तक्रार ऐकताना मनात संभाव्य आजार उभे करणे, नेमके प्रश्न विचारून व तपासून त्यांतले एकेक वगळणे आणि निदानापर्यंत पोचणे, याला निदानविचार म्हणतात. वॉर्डात यालाच ‘डीडी (डिफरन्शियल डायग्नोसिस, म्हणजे संभाव्य आजारांची यादी) मांडणे’ म्हणतात. एल्स्टाइन, शुलमन व स्प्राफ्का या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवले की नवखा आणि अनुभवी, दोघेही पहिल्या काही मिनिटांतच अंदाज बांधतात. फरक पडतो तो त्या त्या आजाराच्या ज्ञानाने. हृदयविकारात तरबेज झालेला विद्यार्थी तापाच्या रुग्णापुढे अडखळू शकतो. म्हणून केसेस भरपूर आणि नाना तऱ्हेच्या हव्यात. एका वॉर्डात त्या सगळ्या मिळत नाहीत आणि दूरशिक्षणाचा खरा उपयोग इथेच आहे.

नुसते रेकॉर्ड केलेले व्याख्यान मात्र या कामाचे नाही. केस तुकड्यातुकड्याने द्यावी लागते. सोलापुरात सहज सुचणारी केस घ्या : यंत्रमागावरचा चाळिशीचा कामगार म्हणतो, ‘‘छाती आवळते, दम लागतो.’’ विद्यार्थी दमा, क्षयरोग, हृदयविकार लिहितो. लिहिल्याशिवाय पुढचा तुकडा मिळत नाही. मग कळते, त्रास आठवडी सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि पुढे कमी होत जातो. हे कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराचे सुरुवातीचे लक्षण. कामाच्या जागी होणारा दमा बहुधा आठवडाभरात वाढत जातो. धंदा विचारला, पण सुट्टीचे विचारले नाही, तर हा धागा हातून निसटतो. असा नेमका प्रश्न सुचणे हेच शिकायचे असते. तक्रारही रुग्णाच्याच शब्दांत द्यावी. तयार वैद्यकीय संज्ञा दिली की निम्मा विचार आधीच उरकलेला असतो.

मूल्यमापनासाठी स्क्रिप्ट कॉन्कॉर्डन्स चाचणी वापरतात. नवी माहिती आल्यावर आधीचा अंदाज बळावला की ढळला, हे उणे 2 ते अधिक 2 या मापावर सांगायचे. गुण तज्ज्ञांच्या उत्तरांशी ताडून मिळतात.

सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 मध्ये सुरू झाले. संलग्न शासकीय रुग्णालयात, म्हणजे ‘सिव्हिल’मध्ये, मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू बोलणारे रुग्णही येतात. शिकण्यासाठी ही मोठीच श्रीमंती. पण करमाळा, सांगोला अशा तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमलेल्या तरुण डॉक्टरजवळ वरिष्ठ बसलेला नसतो. तिथे फोनवरची पाच मिनिटेही पुरतात, मात्र वरिष्ठाने लगेच उत्तर सांगता कामा नये. 1992 मध्ये मांडल्या गेलेल्या ‘वन मिनिट प्रीसेप्टर’ पद्धतीत तो आधी विचारतो, ‘‘तुला काय वाटतं?’’ आणि मग, ‘‘कशावरून?’’ रुग्णाचे नाव, चेहरा, केसपेपरचा नंबर पाठवू नये. यात सवलत नाही.

हात मात्र पडद्यावर तयार होत नाही. छातीतली शिट्टी रेकॉर्डिंगवर ओळखता येते, वाढलेली प्लीहा बोटांनाच लागावी लागते. त्यामुळे दुरून सोडवलेल्या केसला शक्य तितक्या लवकर वॉर्डातल्या तशाच रुग्णाची जोड द्यावी लागते.