ताडपत्रीखालचा पाऊस

खंडेनवमीला सकाळी सातपासून आमच्या सांगलीतल्या गल्लीत पाण्याचे पाइप सुरू होतात. सायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत जे जे चाकांवर चालतं ते धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून उभं करायचं. गेल्या वर्षी शेजारच्या अण्णांनी त्याच सकाळी ट्रॅव्हलरवरची ताडपत्री सोडली. आषाढी करून आल्यावर बांधलेली, ती तीन महिन्यांनी पहिल्यांदा निघाली. दार सरकवलं आणि आतून असा भपकारा आला की ताट घेऊन उभ्या असलेल्या वहिनी दोन पावलं मागे सरल्या.

गाडी जुनी, बारा सीटची. अण्णांनी बाकं काढून आत झोपायला दोन बर्थ, प्लायवूडची कपाटं आणि चहापुरता ओटा करून घेतलाय. दिंडीमागं हीच गाडी असते, उन्हाळ्यात कोकणात हीच जाते. त्या दिवशी कपाटाचं दार फुगून चौकटीत गच्च बसलं होतं. गादी उलटी केली तर खालून राखाडी-हिरव्या बुरशीचे रुपयाएवढे गोल. टपाच्या अस्तराला मारलेल्या प्रत्येक स्क्रूभोवती तांबडं कडं. ताडपत्री मात्र शाबूत. अण्णांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, सुईएवढंही भोक नव्हतं.

“सर, थेंब आत गेला नाही बघा. मग हे पाणी आलं कुठनं?”

तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, इतका चांगला प्रश्न मला पेपरात काढता आला नाही. उत्तर असं, की बरंचसं पाणी अण्णांनी स्वतःच आत बांधलं होतं आणि उरलेलं जमिनीतून वर आलं होतं.

आधी हवेतल्या पाण्याचा हिशेब करू. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. तीच हवा २० अंशांवर आली की जेमतेम १७ ग्रॅम मावते. बाकीची वाफ पाणी होऊन जवळच्या गार वस्तूवर बसते. अशा गाडीच्या पोटात बारा-तेरा घनमीटर हवा. म्हणजे ती वाफेने पूर्ण भरलेली असली आणि दहा अंशांनी गार झाली, तरी सुटणारं पाणी दीडशे ग्रॅमच्या आसपास. चहाचे दीड-दोन कप. एवढ्याशा पाण्याने कपाटं फुगत नाहीत.

खरं पाणी साठतं ते लाकडात, फोममध्ये, सतरंजीत आणि चाकाच्या कमानीत चिकटलेल्या चिखलात. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला मावेल त्यातली किती वाफ हवेत आहे तो आकडा, ६५ टक्के असताना लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतं, ९० टक्क्यांना २० टक्क्यांच्या आसपास. अण्णांच्या गाडीत प्लायवूड शंभर किलो धरा. कोरड्या दिवसांतून पावसाळी दिवसांत जाताना ते एकटंच आठ लिटर पाणी पिऊन बसतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. वारीहून आलेल्या ओल्या सतरंज्या वेगळ्याच. त्या अण्णांनी बर्थखाली कोंबल्या होत्या आणि दुसऱ्याच दिवशी ‘पाऊस येतोय’ म्हणून वर ताडपत्री आवळली होती, थेट जमिनीपर्यंत, खाली विटा ठेवून.

आता त्या ताडपत्रीखाली काय चालतं ते पाहा. दिवसा ऊन आलं की ती तापते, खालचा चिखल आणि आतला फोम गरम होतो, वाफ सोडतो. खालची काळी जमीनही सोडते. भाजीच्या वाफ्यात मातीवर मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो सकाळी उचलून बघितलाय का? खालच्या बाजूला थेंबच थेंब असतात. तोच प्रकार. रात्री ताडपत्री हवेपेक्षाही गार होते, वाफ तिच्या आतल्या अंगाला थेंब होऊन लागते आणि टपावर टपकते. सकाळी पुन्हा ऊन, पुन्हा वाफ. हा रहाट तीन महिने चालला. वरचा पाऊस अडवला आणि खाली दुसरा सुरू केला.

लोखंडाला गंजायला थेंबही लागत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. व्हर्नन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३०च्या आसपास हवेत ठेवलेल्या धातूंवर बारकाईने प्रयोग केले. हवेची आर्द्रता हळूहळू वाढवत नेली तर साधारण ६० टक्क्यांपर्यंत लोखंड फारसं बिघडत नाही, त्यापुढे मात्र गंजाचा वेग एकदम चढतो, असं त्यांना दिसलं. पृष्ठभागावर धूळ, काजळी, मीठ असेल तर ती हवेतून पाणी ओढून घेतात आणि काम आणखी सोपं करतात. बुरशीला त्याहून थोडी जास्त आर्द्रता लागते, सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या पुढची. आवळलेल्या ताडपत्रीखाली ती रोजच असते.

मग कव्हर घालायचं की नाही? याचं उत्तर आमच्या जिल्ह्याला फार आधीपासून माहीत आहे असं मला वाटतं, फक्त ते गाडीला लावून कुणी पाहिलेलं नाही. हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद. नीट वाळवलेली हळद आत भरायची आणि तोंड मातीने बंद करून टाकायचं. आतला ऑक्सिजन कमी होत जातो, कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. (म्हणूनच पेवात उतरण्याआधी ते काही तास उघडं ठेवावं लागतं, नाहीतर माणूस गुदमरतो.) २००५च्या पुरात यातली कित्येक पेवं निकामी झाली, ती गोष्ट वेगळी.

आता तासगावच्या वाटेवरची बेदाण्याची शेड बघा. डोक्यावर छप्पर, बाजू उघड्या, मधे जाळ्यांचे थर. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. म्हणजे तीन किलो पाणी वारा उचलून नेतो, तेही दोन-तीन आठवड्यांत. अवकाळी आला की बाजूचे प्लास्टिकचे कागद खाली सोडतात, आणि पाऊस थांबला की लगोलग वर करतात. कागद तसाच राहिला तर माल काळा पडतो, हे तिथल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

एकतर पेव करा, आतलं सगळं खडखडीत वाळवून पूर्ण बंद. नाहीतर शेड करा, वरून झाकून बाजूंनी मोकळं. ताडपत्री आवळलेली गाडी या दोन्हींत बसत नाही. पेवासारखी बंद म्हणावी तर जमिनीकडून उघडी, शेडसारखी उघडी म्हणावी तर वाऱ्याला बंद.

बाजारात ‘श्वास घेणारी’ कव्हरं मिळतात, त्यांचं काय? त्यामागचं विज्ञान खरं आहे. पाण्याचा रेणू नॅनोमीटरच्या एक तृतीयांशाएवढा आणि पावसाचा थेंब मिलिमीटरच्या हिशेबातला. मधल्या मापाची छिद्रं ठेवली की वाफ जाते आणि थेंब अडतो. पण वाफ जाते ती जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे. बाहेरची हवाच ९० टक्क्यांवर असेल तर ती कुठे जाणार? छिद्रं आहेत, उतार नाही. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरात जुलैत असं कव्हर घालून गाडी कोरडी राहील ही आशा सोडा. त्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायची रीत आहे. झड सपकारा अडवते, पण भिंतीला कोंडत नाही. तिथून दीडशे किलोमीटरवर आटपाडीत वर्षाचा पाऊस पाचशेच्या आसपास, आणि बहुतेक दुपारी ऊन-वारा असतोच. तिथे हेच कव्हर पैसे वसूल करेल. कव्हर चांगलं की वाईट हे विकणाऱ्याला विचारून कळायचं नाही, आधी तुमच्या गावातली दुपार कशी असते ते बघा.

उन्हाळ्यात मात्र मी कव्हरच्या बाजूने आहे. सूर्याच्या अतिनील किरणांत प्लास्टिकच्या आणि रंगाच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडण्याइतकी ऊर्जा असते. डॅशबोर्ड तडकतो, टपाचा रंग खडूसारखा होतो, खिडकीचं रबर कडक पडतं, ते यामुळे. मार्च ते मे फिकट रंगाचं कव्हर घातलं तर बराच मार तेच खातं. स्वतः मरतंही त्यानेच. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचं स्वस्त कव्हर एकदोन उन्हाळ्यांत बोटाने फाटायला लागतं.

वाऱ्याचा विषय राहिला. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, आषाढातला वारा आमच्याकडे जोराचा असतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साडेसात किलो वजनाएवढा रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. गाडीची एक बाजू दहा चौरस मीटर धरली तर साध्या वाऱ्यातही पाऊण क्विंटलचा रेटा त्या दोऱ्यांवर येतो. दोऱ्या टिकल्या तरी कापड फडफडतं, आणि त्याखाली अडकलेली धूळ रंगावर पॉलिश पेपरसारखी फिरते. आपल्या काळ्या दगडाच्या भुकटीतली खनिजं गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. न धुतलेल्या गाडीवर कव्हर घालण्यापेक्षा ती पावसात उघडी ठेवलेली परवडली. उंदरांबद्दल फार लिहीत नाही. झाकलेली, अंधारी, महिनोन्‌महिने न हललेली जागा त्यांना आवडते आणि वायरचं आवरण त्यांच्या दातांना चालतं, एवढं पुरे. आणि कृष्णेला पूर आला तर सगळाच हिशेब वेगळा. २०१९ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा गाडीला उंच जागा लागते, कापड नव्हे.

अण्णांनी दरम्यान सिलिका जेलच्या पुड्यांचं विचारलं. कुणीतरी सांगितलं होतं, दहा पुड्या टाकल्या की झालं. सिलिका जेल आपल्या वजनाच्या फार तर एक तृतीयांश पाणी शोषतं. आठ लिटरला चोवीस किलो लागेल, तेही गाडी हवाबंद असेल तर. “म्हंजे पोतं की वो,” अण्णा म्हणाले आणि तो विषय संपला.

या वर्षी आषाढीहून आल्यावर त्यांनी आधी गाडी खालून धुतली, चाकांच्या कमानी खराट्याने खरवडल्या. सतरंज्या, पडदे, गाद्या बाहेर काढल्या. कपाटांची दारं उघडी ठेवून चार दिवस मिळेल तेवढी उघडीप दिली. मग पाइपांचा सांगाडा करून तीच ताडपत्री टपापासून हातभर वर, दोन्ही बाजूंना उतार देऊन ताणली. बाजू मोकळ्या. गाडीखाली जमिनीवर जाड प्लास्टिक आणि त्यावर मुरूम. खिडक्यांच्या फटी बोटभर उघड्या, त्यांना डासांची जाळी. मी माझा आर्द्रतामापक आत टांगून दिलाय. ऑगस्टमध्ये सकाळी तो ऐंशीच्या पुढे असतो, पण उघडीप पडली की दुपारी चारपर्यंत साठीच्या घरात येतो. अण्णा रोज संध्याकाळी आकडा पाठवतात, खाली ‘राम कृष्ण हरी’.

कपाटाचं दार अजून एका बाजूला घासतं. गाद्या मात्र वहिनींनी गाडीत परत ठेवू दिलेल्या नाहीत. त्या माळ्याच्या खोलीत आहेत, आणि पाहुणा आला की त्याला त्यावरच झोपवतात.