प्राथमिक शाळेतील कॅथलिक सामाजिक मूल्यशिक्षण

साधारण पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीची ओळख करून देण्याची पद्धत. माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचे हित, परस्पर बांधिलकी, गरिबांना अग्रक्रम, श्रमाचा मान, सृष्टीची राखण ही या शिकवणुकीतली मुख्य तत्त्वे. ती मोठ्यांसाठी लिहिलेल्या जड दस्तऐवजांत मांडलेली आहेत. मुलांपर्यंत ती दाखले (येशूने सांगितलेल्या बोधकथा), खेळ, मधल्या सुट्टीतले जेवण, वर्गाचे नियम आणि शाळेची रोजची वागणूक यांतून जातात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः इंग्लंड व वेल्समधील प्राथमिक शाळांचा विचार केला आहे, कारण तिथे हा विषय शाळेच्या नित्याच्या कामाचा भाग झाला आहे. शेवटी महाराष्ट्रातील परिस्थितीही पाहिली आहे.

पार्श्वभूमी

या शिकवणुकीची आधुनिक सुरुवात १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी काढलेल्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकापासून मानतात. कारखान्यांच्या युगातील कामगारांची दैना हा त्याचा विषय होता. कामगाराला साधेपणाने का होईना, पण जगता येईल एवढे वेतन मिळालेच पाहिजे, निव्वळ करार झाला म्हणून वेतन न्याय्य ठरत नाही, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. पुढे १९३१, १९६१, १९६३, १९६७, १९८१, १९९१ अशी परिपत्रकांची मालिकाच सुरू राहिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर ‘लाउदातो सी’ आणि २०२० मध्ये बंधुभावावर ‘फ्रातेल्ली तुत्ती’ ही परिपत्रके काढली.

एवढे सगळे लिहिले गेले, तरी सामान्य श्रद्धावंतांपर्यंत ते फारसे पोहोचले नाही. अमेरिकेतील बिशपांनी १९९८ साली एका निवेदनात हे मोकळेपणाने मान्य केले आणि शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे अगदी बालवर्गापासून, सामाजिक शिकवण आणावी असे सुचवले. शिकवायला सोपे जावे म्हणून त्यांनी तिची सात सूत्रे मांडली. आज अनेक इंग्रजी भाषक देशांतल्या वर्गांच्या भिंतींवर जी रंगीत सूत्रे लावलेली दिसतात, ती बहुधा याच मांडणीवरून घेतलेली असतात.

मूल्यशिक्षणाचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी आईवडिलांची, शाळा ही त्यांच्या मदतीला, ही भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) ऑक्टोबर १९६५ मध्ये शिक्षणविषयक जाहीरनाम्यात स्पष्ट केली.

इंग्लंड व वेल्स

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इथल्या बहुतेक कॅथलिक शाळा सरकारी खर्चाने चालणाऱ्या, पण चर्चच्या देखरेखीखालच्या अनुदानित शाळा झाल्या. आज त्यांची संख्या सुमारे २,००० आहे आणि त्यांत प्राथमिक शाळाच अधिक आहेत. शिकवण्याच्या एकूण वेळेचा एक दशांश भाग धर्मशिक्षणाला द्यावा, असा बिशपांचा दंडक आहे. २०२३ साली धर्मशिक्षणाचा नवा आराखडा आला. शाळांच्या धार्मिक तपासणीत मुलांना सामाजिक शिकवण किती समजली आणि त्यांच्या वागण्यात ती कितपत उतरली, याकडेही लक्ष दिले जाते.

तपासणीमुळे विषय टिकला हे खरे. पण त्याच तपासणीपायी भिंतीवरची सूत्रे पाठ करून घेण्याचा मोहही होतो. सात वर्षांच्या मुलाने ‘परस्पर बांधिलकी’ हा शब्द अचूक म्हणून दाखवला, यातून त्याला काही कळले असे होत नाही. ज्या शाळांत हे काम खरोखर चांगले चालते, तिथे शब्द शेवटी येतो. आधी काहीतरी घडते, मुले त्यावर भांडतात, आणि मग शिक्षिका त्या भांडणाला नाव देते.

द्राक्षमळ्याचा दाखला

बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानातील (अध्याय २०) द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला याचे उत्तम उदाहरण आहे. मळ्याचा मालक पहाटे काही मजूर लावतो, मग दिवसभरात आणखी काही, आणि दिवस मावळायला तासभर उरला असता शेवटचे काही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दिनार. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात हा दाखला सांगितला की लगेच गलका होतो: हे बरोबर नाही! उन्हात दिवसभर राबणाऱ्याला जास्त मिळायला हवे!

हा राग अगदी स्वाभाविक आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९३२ सालीच दाखवून दिले होते की साधारण आठ ते अकराच्या वयात मुले काटेकोर समान वाटपाच्या बाजूने असतात, आणि अकरा-बारानंतर कुठे ती समोरच्याची परिस्थिती हिशेबात घ्यायला लागतात. म्हणजे हा दाखला नेमक्या त्या उंबरठ्यावर येतो. अशा वेळी शिक्षिकेने निकाल देऊन टाकला तर धडा तिथेच संपतो. तिने प्रश्न विचारावेत. उशिरा आलेले मजूर सकाळपासून चौकात का उभे होते? उत्तर दाखल्यातच आहे: आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. त्यांच्या घरी जेवणारी माणसे कमी होती का? एक दिनार म्हणजे किती? एका कुटुंबाची एका दिवसाची गुजराण. मग अर्ध्या दिनारात घर कसे चालणार?

मूळ दाखला देवाच्या कृपेविषयी आहे, मजुरीच्या दराविषयी नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. तरी १८९१ च्या परिपत्रकातली जगण्यापुरत्या वेतनाची कल्पना मुलांना समजावायला यापेक्षा सरळ वाट क्वचितच सापडेल. सगळी मुले शेवटी मालकाच्या बाजूने होत नाहीत, आणि तशी व्हावीत असा आग्रहही नसावा.

केळ्याचा खेळ

इंग्लंड व वेल्समधील कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय मदतसंस्था ‘कॅफॉड’ १९६२ साली स्थापन झाली. शाळांसाठी तिने जे साहित्य तयार केले त्यातला केळ्याच्या वाटणीचा खेळ विशेष गाजला. वर्गाचे पाच गट करतात: बागेतला मजूर, बागेचा मालक, जहाजवाला, केळी आयात करून पिकवणारा आणि दुकानदार. एका केळ्याची किंमत तीस पेन्स धरायची. प्रत्येक गटाने आपले काम लक्षात घेऊन आपल्याला किती मिळावे ते ठरवायचे आणि वर्गापुढे मांडायचे. मजुरांचा गट सांगतो की औषध फवारताना डोळे चुरचुरतात, बारा-बारा तास उभे राहावे लागते. दुकानदारांचा गट भाडे, वीज, नासकी केळी यांचा हिशेब देतो. पाचही मागण्यांची बेरीज केली की ती तीसच्या बरीच वर जाते. मग घासाघीस सुरू होते.

घासाघीस थांबली की शिक्षिका फळ्यावर खरी वाटणी लिहिते: मजूर एक पेनी, मालक पाच, जहाज चार, आयातदार सात, दुकान तेरा. हे आकडे जुने आहेत आणि बाजार बदलला की तेही बदलतात. पण पाच रकान्यांतला तो एकाचा आकडा मुलांच्या मनातून जात नाही. त्यानंतर रास्त व्यापाराचे (फेअरट्रेडचे) चिन्ह दाखवले की ते कशासाठी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. ब्रिटनमध्ये हे चिन्ह देणारी ‘फेअरट्रेड फाउंडेशन’ १९९२ साली ज्या संस्थांनी उभारली त्यांत कॅफॉडही होती.

खेळात एक धोका आहे. दुकानदार खलनायक ठरून जातो, आणि वर्गात एखाद्या मुलाच्या घरचेच दुकान असते. जाणती शिक्षिका म्हणूनच विचारते, दुकानदाराने तीन पेन्स सोडले तर ते मजुरापर्यंत पोहोचतील याची खात्री कोण देणार? इथून चर्चा माणसांच्या चांगुलपणावरून व्यवस्थेकडे वळते. प्राथमिक वयात हे वळण घेता येते, याचा हा खेळ पुरावा आहे.

उपवासाचा दिवस

१९६० साली कॅथलिक महिलांच्या संघटनांनी कॅरिबियनमधील डॉमिनिका बेटावरच्या माता-बाल दवाखान्यासाठी कुटुंबाने मिळून उपवास करण्याचा दिवस पाळला. कॅफॉडचा जन्म त्यातूनच झाला. आजही प्रायश्चित्तकाळात (ईस्टरच्या आधीच्या सुमारे चाळीस दिवसांत) आणि शरद ऋतूत शाळा हा दिवस पाळतात: दुपारी साधे सूप आणि पाव, वाचलेले पैसे निधीला. अमेरिकेत असाच ‘राइस बोल’ उपक्रम १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाऊनमध्ये सुरू झाला. पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात घरची बचत जमते, तिचा चौथा हिस्सा स्थानिक भागात राहतो आणि बाकीचा परदेशी जातो. आयर्लंडमध्ये ‘ट्रोकरा’ या संस्थेचे (स्थापना १९७३) खोके घरोघरी असते.

मुलांनी मुलांसाठी पैसे जमवण्याची कल्पना मात्र याहून बरीच जुनी आहे. फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बँ-जान्सों यांनी १८४३ मध्येच त्यासाठी संस्था काढली होती.

या उपक्रमांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की त्यांतून मुले दान शिकतात, न्याय शिकत नाहीत. दूरदेशीच्या रडवेल्या मुलाचा फोटो, खोक्यात नाणे, आणि विषय संपला. फोटोतल्या मुलाची प्रतिष्ठा राखली गेली का, हा प्रश्न तर माणसाच्या प्रतिष्ठेवर उभ्या असलेल्या शिकवणुकीने आधी विचारायला हवा. दुसरी अडचण वर्गातच बसलेली असते. इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतील कितीतरी कॅथलिक शाळांत मोफत जेवणावर अवलंबून असलेली मुले आहेत. ‘आपण गरिबांना मदत करू या’ या वाक्यातल्या ‘आपण’मध्ये त्या मुलाने स्वतःला कुठे बसवायचे? अशा मुलाच्या ताटातले जेवण कमी करून त्याला उपवासाचे मोल शिकवणे मला तरी क्रूर वाटते. गरीब हा मदत घेणारा ‘दुसरा’ आहे, ही समजूत एकदा बसली की पुढे ती पुसणे कठीण जाते.

पाहा, पारखा, करा

बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांसाठी ‘पाहा, पारखा, करा’ अशी तीन पायऱ्यांची रीत रुजवली. १९६१ च्या परिपत्रकाने तिला अधिकृत मान्यता दिली. गरिबांसाठी काम करणाऱ्या संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या प्राथमिक शाळांतील बालगटांना ‘मिनी व्हिनीज’ म्हणतात. ते हीच रीत ‘पाहा, विचार करा, करा’ अशा रूपात वापरतात. यात मधली पायरी निर्णायक आहे. शाळेशेजारच्या वृद्धाश्रमात भेटकार्डे नेणे चांगलेच, पण तिथल्या आजी एकट्या का आहेत हा विचार गाळला तर तो नुसता कार्यक्रम होतो.

जे काम खालच्या पातळीवर होऊ शकते ते वरच्याने हिसकावू नये, हे तत्त्व पुस्तकात सर्वांत किचकट वाटते. वर्गात मात्र ते सर्वांत सोपे ठरते. खेळाचे साहित्य कोणी कधी वापरायचे हे दुसरीतल्या मुलांना आपसात ठरवू द्यावे, मुख्याध्यापकांनी मध्ये पडू नये. जमले नाही तरच वरच्याने यावे. तत्त्व पूर्ण शिकवून झाले.

आणि मुले ज्याकडे टक लावून पाहत असतात ते वेगळेच असते. सफाई करणाऱ्या बाईंना शिक्षक नावाने हाक मारतात की ‘ए’ म्हणून, फी थकलेल्या मुलाचे नाव सगळ्यांसमोर वाचले जाते का, स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत कोण बसते. श्रमाच्या मानावरचा तास चाळीस मिनिटांचा असतो. शाळेचे हे वागणे दिवसभर समोर असते आणि दोहोंत विसंगती दिसली तर मूल वागण्यावरच विश्वास ठेवते.

महाराष्ट्रात

इथल्या कॅथलिक शाळांत बहुसंख्य विद्यार्थी अन्य धर्मांचे असतात. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. कलम २८(३) नुसार मात्र मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणात बसवता येत नाही. त्यामुळे कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना मूल्यशिक्षण अशी विभागणी रूढ झाली. सामाजिक शिकवणीच्या दृष्टीने ही विभागणी तोट्याची आहे. सर्वांचे हित हा विषय निम्म्या वर्गाला वेगळे बसवून कसा शिकवणार? मजुरी, पाणी, कचरा, जात हे विषय श्रद्धेची अट न घालता एकत्र शिकवता येतात आणि तसेच शिकवले पाहिजेत.

धर्मग्रामांतील (एकेका चर्चच्या परिसरातील) रविवारचे धर्मशिक्षण वर्ग हा दुसरा मार्ग. त्यांत प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या (मुलाने पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याच्या विधीच्या) तयारीला सर्वाधिक वेळ जातो आणि सामाजिक भाग मागे पडतो. प्रायश्चित्तकाळात ‘कारितास इंडिया’ (स्थापना १९६२) भूक व रोग यांविरुद्ध मोहीम चालवते, तेवढ्यापुरता तो वर येतो. वसईला याबाबतीत मोठा वारसा आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक आणि उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’ची चळवळ वाड्या, विहिरी आणि जमीन वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरली. सृष्टीची राखण शिकवायला वसईच्या मुलांना परदेशी चित्रफीत लागू नये. आजोबांच्या विहिरीचे पाणी का मचूळ झाले हा प्रश्न पुरे. केळ्याचा खेळही तिथे सहज रुजेल, कारण केळीची वाडी आणि सुकेळी (वाळवलेली केळी) त्यांना घरातून ठाऊक आहेत.

भारतातील बिशपांच्या २००७ च्या शिक्षणधोरणाने दलित, आदिवासी व वंचित मुलांना अग्रक्रम देण्याचे बंधन संस्थांवर घातले आहे. दुसरीकडे, शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव प्रवेशाची तरतूद अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. न्यायालय काहीही ठरवो, वंचित वस्तीतल्या मुलाला वर्गात जागा देण्यापासून कोणत्याही कॅथलिक शाळेला कायद्याने कधी अडवलेले नाही.